दूरसंचार डेटाबेसमधील ‘स्प्लिट-ब्रेन’ : एक ग्राहक, दोन नोंदी

भ्रमणध्वनीचा क्रमांक संचात किंवा सिमकार्डात असतो, ही सर्वसाधारण समजूत वस्तुस्थितीला धरून नाही. सिमकार्डात असते ती ग्राहकाची गुप्त ओळख. तिचा लोकांना माहीत असलेल्या दहा अंकी क्रमांकाशी संबंध जोडला जातो तो दूरसंचार कंपनीच्या मध्यवर्ती डेटाबेसमधील एका नोंदीने. कोल्हापूरचा एखादा शिक्षक कन्नड शिकण्यासाठी म्हैसूरच्या दक्षिण प्रादेशिक भाषा केंद्रात दाखल झाला आणि चामराजपुरम भागात खोली घेऊन राहिला, असे समजू. तेथे त्याने संच सुरू करताच कर्नाटक परिमंडळातील यंत्रणा सिममधील ओळख वाचते, हा ग्राहक महाराष्ट्र परिमंडळाचा आहे हे जाणते आणि त्याच्या मूळ नोंदवहीकडे विचारणा पाठविते. नोंदवही उत्तर देते की ग्राहक खरा आहे व त्याला अमुक सेवा देय आहेत. त्याच वेळी ती स्वतःकडे लिहून ठेवते की हा ग्राहक सध्या कर्नाटकातील अमुक केंद्राच्या कक्षेत आहे. पुढे कोल्हापुरातून त्याला घरचा दूरध्वनी आला, की प्रथम याच नोंदवहीला विचारले जाते आणि मगच तो दूरध्वनी म्हैसूरकडे वळतो.

दुसऱ्या व तिसऱ्या पिढीच्या तंत्रज्ञानात या नोंदवहीस ‘होम लोकेशन रजिस्टर’ किंवा एचएलआर म्हणतात. चौथ्या पिढीत तिचे नाव एचएसएस झाले आणि पाचव्या पिढीत यूडीएम. नावे बदलली, काम मात्र तेच राहिले. ही नोंद उपलब्ध नसेल तर मनोरे उभे असूनही ग्राहकाचा दूरध्वनी मुका होतो.

नोंदवहीचे महत्त्व एवढे असल्याने तिची एकच प्रत ठेवणे परवडणारे नाही. दूरसंचार क्षेत्रात ९९.९९९ टक्के उपलब्धतेचे उद्दिष्ट नेहमी सांगितले जाते. त्याचा अर्थ वर्षभरात सेवा मिळून जेमतेम सव्वापाच मिनिटे बंद राहिलेली चालते. एका इमारतीतील आग, पूर किंवा वीजपुरवठ्यातील बिघाड यांपुढे हे उद्दिष्ट टिकणार नाही. म्हणून त्याच नोंदी दोन किंवा अधिक शहरांत ठेवल्या जातात आणि एका ठिकाणी झालेला बदल तत्काळ दुसरीकडे पाठविला जातो. अशा रचनेला वितरित डेटाबेस म्हणतात. तिचा लाभ उघड आहे. तिच्यातून निर्माण होणारा सर्वांत अवघड प्रश्न मात्र तितकासा परिचित नाही.

दुवा तुटतो तेव्हा

उदाहरणापुरते मानू की एका कंपनीची एक प्रत पुण्यात आणि दुसरी बंगळूरमध्ये आहे. दोन्ही केंद्रे ठरावीक अंतराने एकमेकांना ‘मी सुरू आहे’ असा छोटा संदेश पाठवीत असतात. त्यास हृदयाच्या ठोक्यावरून ‘हार्टबीट’ हे नाव मिळाले आहे. लिहिण्याचा अधिकार सध्या पुण्याकडे आहे आणि बंगळूर केवळ नक्कल ठेवते. अशा वेळी रस्त्याच्या कामात कोठेतरी प्रकाशतंतू तुटतो आणि बंगळूरला पुण्याचे ठोके ऐकू येईनासे होतात.

बंगळूरपुढे आता दोन शक्यता आहेत. पुणे केंद्र खरोखर बंद पडले असेल, तर अधिकार तातडीने आपल्याकडे घेणे हे त्याचे कर्तव्य ठरते, कारण दुसरी प्रत ठेवली तीच त्यासाठी. पुणे सुरू असून केवळ मधला मार्ग तुटला असेल, तर मात्र अधिकार घेणे ही घोडचूक होईल. या दोन शक्यतांमध्ये बंगळूरच्या जागेवरून काहीही फरक दिसत नाही, ही खरी अडचण आहे. मृत शेजाऱ्याची शांतता आणि वाट बंद झालेल्या शेजाऱ्याची शांतता सारखीच असते. बंगळूरने स्वतःला मुख्य घोषित केले आणि पुणेही मुख्य राहिले, तर एकाच नोंदवहीचे दोन मालक होतात. दोन्ही निरोगी असतात, दोन्ही नव्या नोंदी स्वीकारतात आणि दोन्ही आपापल्या परीने बरोबर असतात. या अवस्थेस ‘स्प्लिट-ब्रेन’ असे म्हणतात.

ही संज्ञा वैद्यकशास्त्रातून आली. तीव्र अपस्माराच्या काही रुग्णांमध्ये मेंदूच्या दोन गोलार्धांना जोडणारा मज्जातंतूंचा पट्टा शस्त्रक्रियेने छेदला जात असे. अशा रुग्णांत दोन गोलार्ध बऱ्याच अंशी स्वतंत्रपणे वागू लागतात, हे रॉजर स्पेरी व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांतून दिसले. त्या कार्यासाठी स्पेरी यांना १९८१ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. संगणकशास्त्राने हे नाव उचलले ते अगदी नेमके आहे, कारण येथेही दोन्ही भाग धडधाकट असतात आणि तुटतो तो मधला दुवा.

यात ग्राहकाचे काय बिघडते, हा प्रश्न स्वाभाविक आहे. वरील शिक्षकाचा संच म्हैसूरच्या बसस्थानकावर चोरीस गेला आणि त्याने सिम बंद करण्याची विनंती नोंदविली, असे समजू. विनंती पुण्याच्या प्रतीत लिहिली गेली. बंगळूरच्या प्रतीला ती कळलीच नाही. तिच्या लेखी चोराच्या हातातील सिम अजूनही वैध आहे. बँकेने पाठविलेला एकवेळचा संकेतांक कोणत्या सिमकडे जाईल, हे त्या क्षणी विचारणा कोणत्या प्रतीकडे गेली यावर अवलंबून राहील. भ्रमणध्वनी क्रमांक हीच आर्थिक ओळख बनलेल्या देशात ही बाब केवळ तांत्रिक म्हणून सोडून देता येत नाही. प्रीपेड शिल्लक रकमेचा डेटाबेस सामान्यतः वेगळा असतो, परंतु तेथेही हाच धोका आहे. एकच शिल्लक दोन ठिकाणी दोनदा खर्च होऊ शकते, किंवा भरलेले पैसे एका प्रतीत दिसतात आणि दुसरीत दिसत नाहीत.

गणपूर्तीचा नियम

सन २००० मध्ये एरिक ब्रूअर यांनी एका परिषदेत असे प्रतिपादन केले की वितरित यंत्रणेला सुसंगती, उपलब्धता आणि जाळे दुभंगले तरी काम चालू ठेवण्याची क्षमता, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी पूर्णत्वाने देता येत नाहीत. सेथ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच यांनी २००२ मध्ये त्याची औपचारिक सिद्धता दिली. इंग्रजी आद्याक्षरांवरून हा सिद्धान्त ‘कॅप’ म्हणून ओळखला जातो. परीक्षार्थी अनेकदा तो ‘तीनपैकी कोणतेही दोन निवडा’ असा पाठ करतात. ही मांडणी दिशाभूल करणारी आहे, कारण जाळे दुभंगणे हे निवडीवर अवलंबून नसते आणि कधी ना कधी ते घडतेच. म्हणून खरी निवड त्या क्षणापुरती व दोनच गोष्टींमधील असते. चुकीचे उत्तर देण्याचा धोका पत्करून सेवा चालू ठेवायची, की उत्तर देण्यास नकार द्यायचा?

ग्राहकाची ओळख, सिमची वैधता आणि शिल्लक यांबाबत दुसरा पर्याय स्वीकारणे शहाणपणाचे आहे. मग प्रश्न उरतो, नकार कोणी द्यायचा? यासाठी बहुमताचा नियम वापरला जातो. एकूण केंद्रांपैकी निम्म्याहून अधिक केंद्रे ज्या गटात एकमेकांना दिसतात, त्याच गटाने नोंदी लिहाव्यात आणि उरलेल्या गटाने स्वतःहून थांबावे. इंग्रजीत यासाठी ‘कोरम’ हा शब्द आहे आणि संसदीय कामकाजाच्या अभ्यासकांना तो गणपूर्ती या रूपात परिचित आहे.

येथे एक तुलना उपयुक्त ठरेल. राज्यघटनेच्या अनुच्छेद १०० नुसार लोकसभेची वा राज्यसभेची गणपूर्ती एकूण सदस्यसंख्येच्या एक दशांशाने होते. डेटाबेसला मात्र निम्म्याहून अधिक का लागतात? सभागृह एकच असते आणि पीठासीन अधिकारीही एकच असतो, त्यामुळे एक दशांश सदस्यांनी दुसऱ्या इमारतीत बसून कायदा संमत करण्याचा प्रश्न उद्भवत नाही. डेटाबेसची केंद्रे विखुरलेली असतात. तेथे एक दशांशाचा नियम ठेवला तर एकाच वेळी दहा ‘सभागृहे’ भरू शकतील. निम्म्याहून अधिक सदस्यांचे दोन गट मात्र एकाच वेळी अस्तित्वात असणे अंकगणितानेच अशक्य आहे. या साध्या तथ्यावर सारी इमारत उभी आहे. लेस्ली लॅम्पोर्ट यांची १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘पॅक्सोस’ पद्धत किंवा डिएगो ऑन्गारो व जॉन ओस्टरहाउट यांची २०१४ मधील ‘राफ्ट’ पद्धत, या दोहोंचा गाभा बहुमत हाच आहे.

यावरून हेही लक्षात येते की दोनच केंद्रांची रचना मुळातच दुबळी असते. दोघांपैकी निम्म्याहून अधिक म्हणजे दोघेही. एक दिसेनासा होताच उरलेल्याला बहुमत उरत नाही. तीन केंद्रे असतील तर एक गमावले तरी काम चालते, पाच असतील तर दोन गमावता येतात. चार असूनही एकच गमावता येते, म्हणून सम संख्येला फारसा अर्थ नसतो. खर्च वाचविण्यासाठी तिसऱ्या ठिकाणी पूर्ण प्रत न ठेवता केवळ मत देणारा एक लहानसा ‘साक्षीदार’ संगणक ठेवण्याची पद्धत आहे. मात्र त्याचा मार्ग पहिल्या दोन केंद्रांपासून खरोखर स्वतंत्र असला पाहिजे. साक्षीदार पुण्याच्याच इमारतीत बसविला, तर ती इमारत पडताच एकाच वेळी दोन मते जातात आणि बंगळूरची निरोगी प्रतही विनाकारण थांबते. कागदावर तीन केंद्रे आणि जमिनीखाली एकाच खंदकातून जाणाऱ्या तारा, ही स्थिती नियोजनात सहज नजरेआड होते.

जुन्या मालकाचे काय?

बहुमताने नवा मालक निवडला म्हणजे काम संपले, असे मानण्यात मोठी फसगत आहे. जुन्या मालकाला आपली सत्ता गेल्याचे कळलेले नसते. तो काही क्षण, कधी काही मिनिटे, नोंदी घेतच राहतो. मराठी वाचकाला १७०७ नंतरचा काळ येथे आठवेल. सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या, दोन्हीकडून प्रधानांच्या नेमणुका होत राहिल्या, आणि कोणाचा हुकूम मानावा हा प्रश्न सरदारांपुढे उभा राहिला. १७३१ च्या वारणेच्या तहाने हद्दी ठरल्या तेव्हाच तो पेच मिटला.

डेटाबेसमध्ये यासाठी तीन उपाय एकत्र वापरले जातात. पहिला म्हणजे कारकीर्दीचा क्रमांक. प्रत्येक नव्या निवडीबरोबर तो एकाने वाढतो आणि जुन्या क्रमांकासह आलेला लेखनाचा आदेश इतर केंद्रे नाकारतात. दुसरा म्हणजे मुदतीचा अधिकार. मालकाला लिहिण्याचा हक्क काही सेकंदांपुरताच मिळतो. बहुमताकडून त्याचे नूतनीकरण झाले नाही तर त्याने आपण होऊन थांबायचे असते. तिसरा उपाय कठोर आहे. संशयित केंद्राचा साठवण यंत्रणेशी असलेला संबंध तोडला जातो किंवा त्याची वीजच बंद केली जाते. त्यास ‘फेन्सिंग’ म्हणजे कुंपण घालणे असे म्हटले जाते.

रेल्वेने हा प्रश्न संगणकाच्या कितीतरी आधी सोडविला होता. चामराजपुरम हे म्हैसूरहून नंजनगूड व चामराजनगरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील स्थानक आहे. एकेरी मार्गांवर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून भारतीय रेल्वेत अनेक दशके टोकन पद्धत वापरली गेली. दोन स्थानकांतील यंत्रे विजेच्या तारेने अशी जोडलेली असत की त्या टप्प्यासाठी एका वेळी एकच टोकन बाहेर निघू शके. टोकन हातात आल्याखेरीज चालक गाडी पुढे नेत नसे. तार तुटली तर यंत्र टोकन देत नसे, आणि मग गाड्या खोळंबत किंवा लेखी परवानगीच्या सावध व संथ पद्धतीने सोडल्या जात. उपलब्धतेवर पाणी सोडून सुसंगती राखण्याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे.

त्रेचाळीस सेकंद

दूरसंचार कंपन्या आपल्या डेटाबेसमधील बिघाडांचा तपशील क्वचितच जाहीर करतात. त्यामुळे सर्वांत बोलके उदाहरण दुसऱ्या क्षेत्रातून घ्यावे लागते. सॉफ्टवेअर साठवणुकीची सेवा देणाऱ्या गिटहब या अमेरिकी कंपनीत २१ ऑक्टोबर २०१८ रोजी नियमित देखभालीत एक प्रकाशीय उपकरण बदलताना पूर्व किनाऱ्यावरील दोन ठिकाणांमधील संपर्क तुटला. तो तुटला केवळ ४३ सेकंद. त्या अवधीत देखरेख करणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेने बहुमत जमविले आणि लेखनाचा अधिकार पश्चिम किनाऱ्याकडे सोपविला. नियमाप्रमाणे हे योग्यच होते. परंतु पूर्वेकडील जुन्या मालकाने तत्पूर्वी काही नोंदी स्वीकारल्या होत्या आणि त्या पश्चिमेकडे पोहोचल्या नव्हत्या. कंपनीच्या सर्वांत व्यग्र संचांपैकी एकात अशा ९५४ नोंदी होत्या. संपर्क पूर्ववत झाला तेव्हा दोन्ही किनाऱ्यांवर अशा नोंदी होत्या ज्या दुसऱ्या किनाऱ्यावर नव्हत्या.

कंपनीने सेवा लवकर सुरू करण्यापेक्षा नोंदी शाबूत ठेवण्यास प्राधान्य दिले. परिणामी सेवा २४ तास ११ मिनिटे विस्कळीत राहिली. या घटनेत बहुमताचा नियम मोडला गेला नव्हता. उणीव होती ती दोन ठिकाणी. नोंद दुसऱ्या किनाऱ्यावर पोहोचण्याची वाट न पाहता ‘स्वीकारली’ असे उत्तर दिले जात होते, आणि जुन्या मालकाला वेळेत कुंपण पडले नव्हते. पहिल्या उणिवेमागे भौतिकशास्त्र आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. हजार किलोमीटरवरील केंद्राची पोच मिळण्यास जाऊन येऊन किमान दहा सहस्रांश सेकंद लागतात. प्रत्येक नोंदीमागे एवढे थांबणे अनेकांना जाचक वाटते. म्हणून पोच न घेताच पुढे जाण्याचा मोह होतो.

अलार्म आल्यावर

दूरसंचार जाळ्यातील अलार्म कसे असावेत, याचे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने ‘एक्स.७३३’ या शिफारशीत १९९२ मध्ये प्रमाणीकरण केले. त्यानुसार गांभीर्याच्या श्रेणी ठरलेल्या आहेत. ‘क्रिटिकल’ म्हणजे तत्काळ कृती आवश्यक, ‘मेजर’ म्हणजे तातडीची कृती आवश्यक, त्याखाली ‘मायनर’ व ‘वॉर्निंग’. गांभीर्य निश्चित करता येत नसेल तर ‘इनडिटर्मिनेट’ आणि कारण दूर झाल्यावर ‘क्लिअर्ड’. स्प्लिट-ब्रेनच्या अलार्मला पहिली श्रेणी मिळणे उचित आहे. मात्र हा अलार्म इतरांपेक्षा निराळा आहे, आणि नियंत्रण कक्षातील अधिकाऱ्याची कसोटी तेथेच लागते.

यंत्र बंद पडल्याच्या अलार्ममध्ये काहीतरी थांबलेले असते व ते पुन्हा सुरू करायचे असते. स्प्लिट-ब्रेनमध्ये सारे सुरू असते आणि काहीतरी थांबवायचे असते. अंगवळणी पडलेली प्रतिक्रिया, म्हणजे यंत्र पुन्हा सुरू करणे, येथे अपायकारक ठरते. पुन्हा सुरू झालेली प्रत कदाचित दुसरीची नक्कल करू लागेल आणि तिने मधल्या काळात एकटीने घेतलेल्या नोंदी कायमच्या पुसल्या जातील. म्हणून पहिली पायरी निदानाची. केवळ हार्टबीटचा स्वतंत्र मार्ग तुटला आहे, की नोंदी वाहून नेणारा मार्गही? त्याच सुमारास प्रकाशतंतू किंवा मार्गकाचे अन्य अलार्म आले आहेत का? दोन्ही केंद्रे आपापला कारकीर्द क्रमांक काय सांगतात? क्रमांक एकच असून मालक दोन असतील तर प्रकरण गंभीर आहे. क्रमांक भिन्न असतील तर मोठा क्रमांक असलेल्या केंद्राला बहुमत मिळालेले असते आणि लहान क्रमांकाचे केंद्र ताबडतोब थांबविले पाहिजे. हे सारे पाहण्यासाठी दोन्ही केंद्रांपर्यंत पोहोचणारा, मुख्य जाळ्यापासून वेगळा असा देखरेखीचा मार्ग आधीच उपलब्ध असावा लागतो. तो नसेल तर अधिकारीही दुभंगलेल्या मेंदूच्या एकाच अर्ध्या भागात अडकतो.

दुसरी पायरी, हानी वाढू न देणे. वाचनाची सेवा दोन्हीकडे काही काळ चालू ठेवता येते, परंतु नवी जोडणी, सिम बदलणे, क्रमांक स्थलांतर, सेवांतील फेरफार ही सारी लेखनाची कामे निदान एका बाजूला रोखली पाहिजेत. विक्री केंद्रांवर रांगा लागतील, तक्रारी येतील. तरीही ती किंमत कमी आहे, कारण रोखलेला अर्ज तासाभराने घेता येतो, पण दोन ठिकाणी परस्परविरोधी लिहिला गेलेला अर्ज आठवडाभर सुटत नाही.

तिसरी गोष्ट सहसा पाठ्यपुस्तकांत आढळत नाही. तुटलेला दुवा घाईने जोडू नये. दुवा जोडताच दोन्ही प्रती आपोआप एकत्र येऊ पाहतात आणि अनेक यंत्रणांत ‘ज्याची वेळ नंतरची तो खरा’ असा सोपा नियम बसविलेला असतो. घड्याळे काही क्षणांनी जरी पुढेमागे असली तरी खरी नोंद पुसून खोटी टिकते. दोन्ही बाजूंच्या नोंदींची व घटनापुस्तिकेची सुरक्षित प्रत आधी काढावी, कोणती बाजू आधारभूत मानायची ते लेखी ठरवावे आणि त्यानंतरच दुव्याला हात घालावा.

नोंदी जुळवताना

कोणती बाजू आधारभूत, याचे उत्तर बहुधा बहुमत असलेल्या बाजूकडे झुकते. परंतु हरलेल्या बाजूच्या नोंदी सरसकट टाकून देणे न्याय्य नाही, कारण त्यांमागे माणसे असतात. येथे नोंदींचे स्वरूप पाहून वेगवेगळे नियम लावावे लागतात. ग्राहक सध्या कोणत्या केंद्राच्या कक्षेत आहे ही नोंद क्षणभंगुर असते. ती गमावली तरी संच पुन्हा नोंदणी करतो तेव्हा ताजी होते. प्रीपेड शिल्लक मात्र ‘नंतरची रक्कम खरी’ या नियमाने ठरविणे अन्यायाचे होईल. तेथे दोन्हीकडील भरणा आणि वापर यांचे व्यवहार एकेक करून पुन्हा मांडावे लागतात. सिम बंद करण्याच्या विनंतीबाबत नियम एकतर्फी असावा. कोणत्याही एका प्रतीत ‘बंद’ अशी नोंद असेल तर ती दोन्हीकडे बंदच मानावी. चुकून बंद झालेल्या ग्राहकाची गैरसोय भरून काढता येते, चोराच्या हाती गेलेला संकेतांक परत आणता येत नाही.

ग्राहकाची ओळख पटविण्याच्या व्यवस्थेत या बाबतीत एक लक्षवेधी तरतूद आहे. तिसऱ्या पिढीपासून मूळ नोंदवही प्रत्येक पडताळणीबरोबर एक वाढता अनुक्रमांक पाठविते आणि सिमकार्ड स्वीकारलेला अनुक्रमांक लक्षात ठेवते. मागे पडलेल्या प्रतीने जुना अनुक्रमांक पाठविला तर सिम तो नाकारते व स्वतःकडील अनुक्रमांक परत कळविते. त्यावरून नोंदवही आपली नोंद सुधारते. अर्थात दोन प्रतींतील वादात येथे ग्राहकाच्या खिशातील चकतीच तिसरा साक्षीदार ठरते! एकाच वेळी असंख्य सिमकार्डांकडून असे नकार येऊ लागले, तर नोंदवही मागे पडल्याचे तेही एक लक्षण असते आणि जागरूक अधिकारी त्या आकड्याकडे लक्ष ठेवतो.

सेवा पूर्ववत करतानाचा वेगही महत्त्वाचा आहे. जपानमधील केडीडीआय कंपनीत २ जुलै २०२२ च्या पहाटे मार्गक बदलताना मार्गनिश्चितीत चूक झाली. ती सुमारे पंधरा मिनिटांत मागे घेण्यात आली. परंतु तेवढ्या वेळात संपर्क तुटलेले संच पुन्हा पुन्हा नोंदणी मागू लागले, ध्वनिसेवेची यंत्रणा तुंबली, तो भार ग्राहक डेटाबेसवर आला आणि त्यात व इतर यंत्रणेत नोंदींची विसंगती निर्माण झाली. सेवा साठ तासांहून अधिक काळ विस्कळीत राहिली व तिचा फटका तीन कोटींहून अधिक जोडण्यांना बसला. आपत्कालीन क्रमांकही अनेकांना लागेनात. काटेकोरपणे पाहता हा स्प्लिट-ब्रेन नव्हता. तथापि विसंगत झालेला डेटाबेस आणि परतणाऱ्या ग्राहकांची लाट हे दोन्ही प्रकारांत सारखेच असते. म्हणून ग्राहकांना एकदम न घेता भागाभागाने प्रवेश देणे श्रेयस्कर ठरते.

अलार्म ‘क्लिअर्ड’ कधी करावा, याबाबतही शिस्त हवी. दुवा जोडला गेल्यावर यंत्रणा तो आपोआप मिटवू शकते. प्रत्यक्षात दोन्ही प्रतींतील नोंदींची पडताळणी होऊन फरक शून्यावर आल्याखेरीज प्रकरण बंद समजता येत नाही. दुवा वारंवार तुटत-जुळत असेल तर अलार्मही उमटत-मिटत राहतो, आणि प्रत्येक वेळी थोड्या नोंदी दुभंगतात. असा लुकलुकणारा अलार्म दुर्लक्षिला जाण्याची शक्यता सर्वाधिक असते.

भारतीय संदर्भ

भारतात क्रमांक स्थलांतराची सेवा २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर लागू झाली. ३ जुलै २०१५ पासून परिमंडळाबाहेरही क्रमांक कायम ठेवता येऊ लागला. म्हणजे आपल्या उदाहरणातील शिक्षक म्हैसूरमध्ये स्थायिक झाला तरी कोल्हापूरचा क्रमांक कायम ठेवून कर्नाटकातील कंपनीचा ग्राहक होऊ शकतो. हा क्रमांक आज कोणाचा, याची नोंद सर्व कंपन्यांना आपापल्या प्रतीत ठेवावी लागते. प्रती अनेक असल्या तरी बदल जाहीर करण्याचा अधिकार विखुरलेला नाही. त्यासाठी देशाचे दोन विभाग करून प्रत्येक विभागासाठी एक परवानाधारक संस्था नेमण्यात आली. उत्तर व पश्चिम भाग एका विभागात, दक्षिण व पूर्व भाग दुसऱ्या. महाराष्ट्र पहिल्यात येतो, कर्नाटक दुसऱ्यात. वारणेच्या तहातील हद्दीप्रमाणे येथेही कोणाचा शब्द कोठे अंतिम हे आधीच ठरलेले आहे.

सेवा खंडित झाल्यास ग्राहकाला काय मिळते, हे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या सेवागुणवत्ता विनियमांत स्पष्ट करण्यात आले. जिल्हा पातळीवर चार तासांहून अधिक काळ सेवा बंद राहिल्यास त्याची माहिती प्राधिकरणाला २४ तासांच्या आत देणे बंधनकारक झाले. खंड २४ तासांहून अधिक लांबल्यास पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात प्रमाणशीर सूट आणि प्रीपेड ग्राहकाला मुदतवाढ देण्याची तरतूद आहे. या नियमांचा रोख सेवा बंद राहण्यावर आहे. सेवा चालू असून नोंद चुकीची आहे, ही स्थिती अशा मोजमापात सहजासहजी दिसत नाही. स्प्लिट-ब्रेनमध्ये सारे मनोरे हिरवे दिव्य दाखवीत असतात आणि चूक नोंदवहीच्या पानावर असते.

देशी तंत्रज्ञानाच्या दृष्टीनेही या विषयाला महत्त्व आले आहे. सी-डॉट या १९८४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने विकसित केलेले १२८ जोडण्यांचे पहिले ग्रामीण दूरध्वनी केंद्र १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे सुरू झाले. गावातील १२८ जोडण्यांची ती नोंदवही एका कपाटात मावत होती. त्याच सी-डॉटने तयार केलेली चौथ्या पिढीची गाभा यंत्रणा, तेजस नेटवर्क्सची रेडिओ उपकरणे आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची एकत्रित जुळणी यांवर उभारलेल्या भारत संचार निगमच्या स्वदेशी जाळ्याचे लोकार्पण २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथे झाले. ग्राहकांची नोंदवही हा गाभा यंत्रणेचाच भाग असल्याने, दुभंगलेल्या प्रतींपैकी कोणी थांबावे याचे नियमही आता देशातच लिहिले, तपासले आणि सुधारले जाऊ शकतात.